झाडावर चढणारी खुर्ची

माझ्या नवऱ्याने पन्नाशी उलटल्यावर शिकारीला जायचं ठरवलं, ते रजा मिळावी म्हणून. हे मला पुढे कळलं. त्या वेळी त्याने मोकळी हवा, निसर्ग, "इतकी वर्षं इथे राहून आपण इथलं असं काय केलं?" वगैरे बरंच काही सांगितलं होतं. समोर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना एकेरीत लिहिते आहे. त्याने वाचलं तरी हरकत नाही, पण तो वाचणार नाही.

कॅनडातल्या विंडसरच्या ज्या कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळतो, तिथलं ऑफिस नोव्हेंबर लागला की ओस पडायला लागतं. हरणांचा सीझन. साहेब जातात, साहेबांचे साहेब जातात, स्टोअरवाला जातो, आणि जाताना प्रत्येक जण माझ्या नवऱ्याच्या टेबलापाशी थांबून विचारतो, "यू डोन्ट हंट, राइट?" तो नाही म्हणतो. मग सगळ्यांचे फोन त्याच्याकडे वळवले जातात. दिवाळीची रजा मागितली की मात्र विचारणा होते, नक्की कोणत्या तारखेला असते? दरवर्षी तारीख बदलते असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू रजेसाठी आम्हीच ती सरकवतो. हरणांच्या सीझनची तारीख बदलली तर कुणाला काही वाटत नाही.

एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "मी एका कोर्सला अप्लाय केलंय."

"कसल्या?"

"शिकारीच्या."

आमच्या घरात अंड्याचा तवा वेगळा असतो. मी पोळी त्याच्या ताटात टाकली आणि विचारलं, "कशाची शिकार?"

"हरणाची," तो म्हणाला आणि वरणात मीठ कमी आहे असं पुढे म्हणाला.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला असलेल्या आमच्या मुलीला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग गंभीर झाली. "आई, इज धिस अ मिडलाइफ थिंग? शुड आय टॉक टू हिम?" मी म्हटलं, राहू दे, कोर्सचं पुस्तक हातात पडलं की खूळ उतरेल. पण त्याने पुस्तक पेन्सिलीने खुणा करकरून वाचलं. हरणाचं हृदय नेमकं कुठे असतं ते तो मला आंघोळीहून आल्या आल्या स्वतःच्या छातीवर दाखवायचा. परीक्षेत वर्गात पहिला आला. नागपूरच्या कॉलेजात जे जमलं नव्हतं, ते इथे हरणांच्या विषयात जमलं.

ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारा एक सहकारी आहे, मिशीवाला, मोठ्या आवाजाचा, मनाने चांगला. त्याने जागा मिळवून दिली. विंडसरपासून तासाभराच्या अंतरावर एका विधवा बाईंचं शेत आहे. आमच्याकडची जमीन पोळपाटासारखी सपाट. सोयाबीन, मका, पुन्हा सोयाबीन. त्या बाईंच्या शेताच्या मागच्या कडेला मात्र रानाचा एक तुकडा राखलेला होता. त्यांची ओळख करून घ्यायला आम्ही दोघं गेलो. सत्तरी पार केलेली, रबरी बूट घातलेली, कमी बोलणारी बाई. त्यांनी नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि अटी सांगितल्या.

"ओढ्याकडचा कोपरा तुझा. माझ्या झाडांना खिळा मारायचा नाही, पायऱ्या ठोकायच्या नाहीत. क्लाइंबर आणायचा, आणि निघताना काढून न्यायचा. आणि वर असशील तोवर स्वतःला झाडाला बांधून घ्यायचं."

"शुअर," नवरा म्हणाला.

"शुअर सगळेच म्हणतात," बाई म्हणाल्या. "माझा भाऊही म्हणाला होता. तो याच रानात झाडावरून पडला. आहे अजून. चाकाच्या खुर्चीत आहे."

परतताना नवऱ्याने गाडीत बसल्या बसल्या आधी पट्टा लावला. मग म्हणाला, "क्लाइंबर म्हणजे मचाणच की एक प्रकारचं."

मचाण म्हटलं की आम्हा नागपूरकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढे बांबूचं, पाणवठ्याजवळचं, चार जण डबा उघडून बसतील असं काहीतरी येतं. वर चढायला शिडी आणि खाली जंगल खात्याचा माणूस. हे प्रकरण तसं नव्हतं. हे म्हणजे एका खुर्चीचे दोन तुकडे. वरच्या तुकड्यावर बसायचं, खालच्यावर पाय ठेवायचे. दोन्ही तुकड्यांची एकेक जाड तार झाडाच्या बुंध्याला मिठी मारते. उभं राहायचं आणि वरचा तुकडा हातांनी वर सरकवायचा. मग त्याच्यावर बसायचं आणि खालचा तुकडा पायांनी ओढून घ्यायचा. सुरवंट चढतो तसं. माझा नवरा, जो बल्ब बदलायचा असला की आधी स्टूल कुणीतरी धरायला हवं म्हणतो, तो असा पंधरा-वीस फूट चढून, हातात क्रॉसबो, म्हणजे घोडा दाबून सोडायचा धनुष्यबाण, घेऊन तिथे तासन्‌तास बसणार होता.

"चढा तुम्ही," मी म्हटलं. "पण ते मी निवडणार."

याला कारण माझी नोकरी. मी गाड्यांच्या सीटांची आणि पट्ट्यांची चाचणी घेते. माणसाएवढा पुतळा सीटवर बसवायचा, पट्टा बांधायचा, सगळं वेगाने नेऊन आपटायचं आणि काय तुटलं ते बघायचं, हे माझं आयुष्यभराचं काम. वस्तू चांगली असताना कशी दिसते यात मला फारसा रस नसतो. ती मोडते कशी, एवढंच मी बघते. नवऱ्याचं म्हणणं, माझा हा स्वभाव नोकरीमुळे झाला. माझ्या आईचं म्हणणं होतं, नोकरी स्वभावामुळे मिळाली.

शिकारीच्या सामानाच्या दुकानात सगळीकडे पानाफुलांच्या नक्षीचे कपडे, टोप्या, पिशव्या, इतक्या की विक्रेता पहिल्यांदा दिसलाच नाही. दिसल्यावर त्याने आम्हाला सगळ्यात समोरचा स्टँड, म्हणजे तीच झाडावर चढायची खुर्ची, दाखवला. वजनाला हलका, एकदम शांत, हरणाला पत्ता लागणार नाही. जाळीची सीट, हातांना उशा, कप ठेवायला जागा.

"माणूस पडला तर?" मी विचारलं.

"हा पडत नाही, मॅम."

"स्टँडचं नाही विचारत. त्याच्यावरचा माणूस."

तो माझ्या नवऱ्याकडे वळला, कारण त्याच्या मते गिऱ्हाईक तो होता. नवऱ्याने नजरेनेच माझ्याकडे बोट दाखवलं. मग विक्रेत्याने खोक्याच्या तळातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले पट्टे काढले. "हा हार्नेस सोबतच येतो. खरं सांगू? बरेच लोक तो खोक्यातच ठेवतात."

मी स्टँड जमिनीवर उलटा केला. वजनाची मर्यादा, चाचणी झाल्याची खूण, पट्टे किती वर्षांनी टाकून द्यायचे याची तारीख, हे सगळं बारीक अक्षरात, जिथे कुणाची नजर जाऊ नये अशा जागी चिकटवलेलं असतं. सगळ्या धंद्यांत जागा तीच. सांधे हलवून पाहिले. तार अडकवायची खीळ आपोआप निसटू शकते का ते बघायला ती दहा वेळा हिसडली. खालचा तुकडा पायांखालून सुटून जमिनीवर गेला तर माणूस वरच अडकून राहतो, म्हणून दोन तुकडे एकमेकांना दोरीने बांधलेले हवेत. त्या हलक्या, शांत स्टँडला ती दोरी बांधायला कडीच नव्हती. कप ठेवायला जागा होती. मग मी दुकानातच त्याच्यावर बसले आणि अंगातला सगळा जोर लावून डावी-उजवीकडे झुलले. टोप्या बघणारं एक जोडपं दुसऱ्या ओळीत गेलं.

"अगं, लोक बघताहेत," नवरा म्हणाला.

"बघू देत. तुमचं वजन किती?"

त्याने जो आकडा सांगितला तो आमच्या लग्नातला होता.

घरी आल्यावर मी त्याला बेसमेंटमध्ये काट्यावर उभं केलं. नुसतं नाही, बूट, दोन जाकिटं, क्रॉसबो, चहाचा थर्मास, दुर्बीण आणि चिवड्याची पिशवी, असं सगळं अंगावर घेऊन. काट्याने जे सांगितलं ते त्याने चष्मा सावरून पुन्हा वाचलं.

"चिवडा काढतो," तो म्हणाला.

"तो तुम्ही वर बसून खाणारच ना? मग काय फरक पडला? नुसता पिशवीतून पोटात गेला."

हलका स्टँड बाद झाला. पुढच्या शनिवारी मी त्याच्यापेक्षा बराच दणकट निवडला. पाय ठेवायला रुंद पायपाट, समोर आडवी दांडी, सांध्यांना दुहेरी कड्या, दोन तुकड्यांमध्ये दोरी. हार्नेस वेगळा घेतला, खांद्यांवरून, मांड्यांमधून आणि छातीवरून जाणारा. आणि एक लांब दोर, जो झाडाला वर बांधला की जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीवर टेकेपर्यंत माणूस त्याला अडकलेलाच राहतो. पडतात ते बहुतेक चढता-उतरताना आणि बसायच्या ऐन क्षणी, हे मी जिथे जिथे वाचलं तिथे तिथे होतं. नवऱ्याने तो स्टँड पाठीला लावून ड्राइव्हवेवर चार पावलं टाकली.

"हे उचलून नेताना मी झाडापर्यंत पोचायच्या आधीच मरेन."

"चालेल," मी म्हटलं. "निदान जमिनीवर मराल."

त्याच आठवड्यात मिशीवाला सहकारी आपल्या पिकअपमधून एक जुना क्लाइंबर घेऊन आला. त्याच्या वडिलांचा. स्वतः तो त्यावरच बसायचा, पण या वर्षी नवीन घ्यायचा विचार होता, म्हणून हा माझ्या नवऱ्याला भेट. "माझे डॅड जन्मभर यावर बसले. एकदाही पडले नाहीत." त्याने सीटवरून हात फिरवला. तो हात कसा फिरवला ते मी पाहिलं होतं, तरी मी तारेजवळ गेले. तारेवर काळं प्लास्टिक होतं. एका जागी ते जरासं फुगलं होतं. नखाने सोलल्यावर आतून लाल भुकटी सांडली आणि तारेचे केसांसारखे तुटलेले धागे बाहेर आले.

"हा वापरू नका," मी म्हटलं. "ह्यांनीही नको आणि तुम्हीही नको."

त्याने स्टँड उचलून परत पिकअपमध्ये ठेवला, चहा नको म्हणाला आणि गेला.

"त्याच्या वडिलांचा होता तो," नवरा म्हणाला. रागावला की तो हळू बोलतो.

"वडील चांगलेच असतील. तार गंजली आहे."

"हे तू गोड शब्दांत सांगू शकली असतीस."

शकले असते. पण लॅबमध्ये गोड शब्दांची सवय राहत नाही. पुतळे रुसत नाहीत.

मग सराव. आमच्या मागच्या अंगणात एक निळा स्प्रूस आहे, खालपासून फांद्यांनी भरलेला. क्लाइंबरला सरळ आणि बिनफांद्यांचा बुंधा लागतो. तसं झाड शेजारच्या इटालियन आजोबांच्या घरापुढे, अगदी रस्त्याला लागून होतं. मी परवानगी मागितली. आजोबांना काय समजलं कोण जाणे, त्यांनी आनंदाने हो म्हटलं आणि बघायला घडीची खुर्ची आणून बसले.

पहिली मी चढले. निवड माझी, तर आधी लटकणारही मीच, असा माझा हिशेब होता. हार्नेस घालून, जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंचीवर, मी सीटवरून मुद्दाम पाय सोडले. दोराने हिसका दिला आणि मी झाडाला टांगली गेले. हार्नेसमध्ये नुसतं लोंबकळत राहिलं तर पायातलं रक्त वर येत नाही आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो; म्हणून खिशात एक छोटा पट्टा असतो, त्याचा फास करून त्यात पाय रोवून उभं राहायचं आणि परत पायपाटावर यायचं. ते मी करून बघत होते. खाली नवरा माहितीपुस्तक मोठ्याने वाचत होता. समोरचे सरदारजी गाडी धुता धुता थांबले. "भाभीजी, सब ठीक है ना?"

"सब ठीक है," मी गोल फिरत म्हटलं.

"भाईसाब, इनको उतारो ना!"

"उतरेगी, उतरेगी, टाइम लग रहा है," नवरा पान उलटत म्हणाला.

त्याच वेळी रस्त्यावरून एक ओळखीची गाडी गेली, हे माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या मराठी मंडळातली एक मैत्रीण साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन दारात उभी. सोफ्याच्या कडेवर बसली, माझा हात हातात घेतला.

"मुलं लांब गेली की होतं गं असं. मन मोकळं कर. मी कुणाला सांगणार नाही."

"कशाचं मन मोकळं?"

तिचे डोळे भरून आले. "आमच्या ह्यांनी स्वतः पाहिलं. तू झाडाला... आणि हा माणूस खाली उभं राहून काहीतरी वाचत होता म्हणे!"

मी तिला गराजमध्ये नेऊन सगळं दाखवलं. शिकार म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं जे हसू आलं ते दोन क्षण टिकलं. मग ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही हरीण मारणार?" आणि मला वाटतं, पहिली बातमी तिला त्यातल्या त्यात बरी वाटली असावी. डबा मात्र ठेवून गेली.

नवऱ्यालाही मी तसंच लटकवलं, पुन्हा पुन्हा, तो पट्ट्यात पाय रोवून स्वतःहून वर येईपर्यंत. तो चिडायचा. "मी पडणारच नाहीये, मग हे कशाला?" मी म्हणायचे, "पुतळेही तेच समजून बसलेले असतात." आजोबा टाळ्या वाजवायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी, एका शनिवारी दुपारी, आम्ही त्या शेतावर गेलो. मी सोबत गेले कारण झाड मी पाहिल्याशिवाय तो चढणार नाही असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. ओढ्याच्या कोपऱ्यात त्याला लगेच एक झाड आवडलं. उंच, सरळसोट, एकही फांदी आडवी नाही. शेतकरीण बाई आमच्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनी बुंध्यावर हात ठेवला आणि साल पापुद्र्यासारखी हातात आली.

"ॲश आहे. भुंग्याने पोखरलंय. या भागातली सगळी अशीच उभी आहेत, मेलेली."

दुसऱ्या झाडाची साल लांब लांब चिंध्यांसारखी सुटलेली होती, तिच्यावर तार धरणार नाही. शेवटी एक मेपल सापडलं. जिवंत, सरळ, दोन हातांच्या कवेत येईल न येईल असं. झाड वर निमुळतं होत जातं, म्हणून खाली पायपाट थोडं वर तोंड करून बसवायचं, तेव्हा ते वर गेल्यावर सपाट होतं. ते बसवलं. नवऱ्याला नारंगी जाकीट मी घालायला लावलं होतं. तो म्हणाला होता, आपण झाडासारखं दिसायला हवं. मी त्याच्याच कोर्सच्या पुस्तकातलं पान काढून दाखवलं, की हरणाला तो रंग नीट दिसत नाही. मला दिसतो.

तो चढला. त्या दणकट स्टँडचा प्रत्येक टप्प्याला कुरकुर खडाड असा आवाज होत होता, भांड्यांच्या दुकानात कुणी शिरल्यासारखा. पंधरा फुटांवर थांबला, माझ्याकडे बघून हार्नेस ओढून दाखवला, मग दोरीने क्रॉसबो वर ओढून घेतला. वर गेल्यावर तो एकदम वेगळाच दिसायला लागला. पाठ ताठ, मान ताठ. मला बरं वाटलं. खरं तर बरंच बरं वाटलं.

बाई म्हणाल्या, "चल, आत चहा घेऊ. तू इथे उभी राहिलीस तर तिकडे उंदीरही येणार नाही."

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कापलेलं सोयाबीनचं शेत आणि पलीकडचं रान, सगळं सरळ दिसतं. खिडकीत दुर्बीण ठेवलेली असते. आम्ही चहा घेतला. त्यांनी भावाबद्दल सांगितलं. चांगला शिकारी होता, म्हणाल्या, आणि चांगले शिकारी बांधून घेत नाहीत. मधूनमधून मी दुर्बीण लावत होते. नारंगी ठिपका जागच्या जागी होता.

थोड्या वेळाने दुर्बीण त्यांनी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"काय झालं?"

"झोपलाय."

मी पाहिलं. हनुवटी छातीवर, क्रॉसबो मांडीवर आडवा. माझा नवरा, ज्याला घरात एवढी महागाची गादी असून झोप लागत नाही, जो पहाटे उठून बातम्या बघत बसतो, तो झाडावर गाढ झोपला होता. आणि त्याच्या अगदी खाली, पानांत तोंड घालून, एक हरीण चरत होतं. मागे अजून एक.

"स्टँड चांगला निवडलास," बाई म्हणाल्या. "एवढ्या आरामात मी कुणालाच झोपलेलं पाहिलं नाही."

मी हसत होते, तेवढ्यात तो ठिपका पुढे कलला. हळूच, देवळातल्या कीर्तनात म्हातारी माणसं कलतात तसा. समोर दांडी होती, तर तो तिच्या बाजूने कलला. क्रॉसबो आधी गेला. मग तो.

मी इतके पुतळे पडताना पाहिले आहेत. पडताना ते कसे दिसतात हे मला पाठ आहे. पण तेव्हा मला काहीच दिसलं नाही, फक्त झाडाच्या बाजूला नारंगी रंग होता आणि तो जमिनीवर नव्हता. पुढचं मला आठवतं ते शेतातलं धावणं. सोयाबीनचे खुंट, चिखल, कोणाचे तरी रबरी बूट माझ्या पायांत. मी काय ओरडत होते ते मला माहीत नाही. बाई नंतर म्हणाल्या, तुमच्या भाषेत होतं. धावताना डोक्यात एकच हिशेब चालू होता, दोरात ढील किती सोडली होती? ती मीच मोजली होती. तरी मला आठवेना.

पोचले तेव्हा तो सीटवर बसलेला होता. टोपी नव्हती, चष्मा एका कानाला लोंबत होता, पाय रोवायचा पट्टा अजून बुटात अडकलेला होता. म्हणजे पडला, हिसका बसला, लटकला, पट्टा काढला, पाय रोवले आणि वर आला. जसं इटालियन आजोबांच्या टाळ्यांत केलं होतं, तसंच. मी खाली बुंध्याला धरून उभी राहिले.

वरून तो दबक्या आवाजात म्हणाला, "श्श! पळवलंस ना!"

"काय?"

"हरीण होतं! इतक्या जवळ! तू बोंबलत आलीस आणि गेलं ते."

"तुम्ही पडलात."

"पडलो कुठे? वाकलो होतो. नेम धरत होतो."

"क्रॉसबो खाली पडलाय," मी म्हटलं. तो माझ्या पायाशीच होता.

त्याने चष्मा नीट लावून खाली पाहिलं. "दोरी ताणलेली नव्हती," तो म्हणाला. "काही झालं नसतं."

घरी येताना गाडी मी चालवली. त्याच्या मांड्यांवर पट्ट्यांचे निळे वळ उठले होते ते मला रात्री दिसले. मी तेल गरम करून दिलं. तो म्हणाला, "बूट चावले असावेत." मांडीला. मी बरं म्हटलं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात सांगितली गेलेली गोष्ट अशी होती, की मोठं हरीण आलं होतं, नेम धरला होता, आणि बायको धावत आली. ती गोष्ट तिथे फार आवडली. प्रत्येकाच्या घरी बायको होती. आणि नोव्हेंबरमध्ये त्याने रजेचा अर्ज दिला तेव्हा साहेबांनी तारीख न विचारता सही केली. त्याचे फोन या वेळी कुणाकडे वळवायचे यावर म्हणे मीटिंग झाली.

त्यानंतर एका संध्याकाळी नवरा घरी नसताना मिशीवाला सहकारी पिकअप घेऊन आला. मागे वडिलांचा तोच स्टँड. तो गराजच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"याच्या तारा नवीन मिळतात का?"

"मिळतील. कंपनीला विचारून त्यांच्याच घ्या. पण सांधेही जुने आहेत. मी असते तर यावर चढले नसते."

"मग भिंतीवर लावतो. फेकवत नाही." त्याने टोपी हातात फिरवली. "मी हाच लावून बसणार होतो या वर्षी. नवीन घेतलाच नव्हता. हार्नेस तर कधीच घातला नाही." मग खाली बघत म्हणाला, "त्याने मला सांगितलं. झोप लागली, पडला, कसा लटकला, सगळं. तुला सांगू नको म्हणाला."

मी म्हटलं, "मला काहीच माहीत नाही."

"राइट," तो म्हणाला.

तेव्हा मला माझ्या नवऱ्याचा राग यायला हवा होता. माझ्यापाशी बूट चावले, आणि त्याच्यापाशी खरं. पण आपण आरामात झोपून झाडावरून पडलो हे ज्या ऑफिसात आपण नुकतेच शिकारी ठरलो आहोत, तिथल्या माणसाला सांगायला त्याला काय वाटलं असेल, याचा मी विचार करत राहिले. त्याने ते कशासाठी सांगितलं तेही कळत होतं. मी भाजीला फोडणी दिली आणि त्याला आवडतं म्हणून जरा जास्त खोबरं घातलं. "आज काय विशेष?" त्याने विचारलं. मी काही नाही म्हटलं.

त्या सीझनला तो आणखी तीनचारदा गेला. हरीण मिळालं नाही. पण चेहरा टवटवीत दिसायचा. बाईंनी खिडकीतून मला फोनवर अहवाल दिला, की या खेपेला आणखी लवकर झोपला. हरीण त्या बाईंनीच मारलं, घराच्या मागच्या ओट्यावर जेवणाच्या खुर्चीत बसून, पायांवर रग घेऊन. डिसेंबरात त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि सहकाऱ्याला आणि त्याच्या बायकोलाही. मी नागपूरहून आणलेला काळा मसाला घेऊन गेले आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात रस्सा केला. मी स्वतः खात नाही, पण लहानपणी गल्लीतल्या घरांमधून येणाऱ्या वासाने मला तो पाठ आहे. पहिल्याच घासाला सहकाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हे कायदेशीर आहे ना?" त्याने विचारलं, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

नवऱ्यापुढे बटाटे, बीन्स आणि मी घरून आणलेला वरणभात होता. जेवण रंगात आल्यावर सहकाऱ्याच्या बायकोने त्याला त्या हरणाबद्दल विचारलं. त्याने चमचा खाली ठेवला. हरीण आता बरंच मोठं झालं होतं. शिंगांना फाटे फुटले होते. वारा कुठून होता, पानं कशी वाजली, त्याने श्वास कसा रोखला, सगळं त्याने हातवारे करून सांगितलं. "आणि तेवढ्यात," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ही!"

सहकारी रश्शात पावाचा तुकडा बुडवत होता आणि तो फारच काळजीपूर्वक बुडवत होता. बाई खिडकीबाहेरच्या अंधारलेल्या शेताकडे बघत होत्या. मी माझ्या ताटाकडे.

"किती फाटे होते शिंगांना?" सहकाऱ्याच्या बायकोने विचारलं.

"आठ," माझा नवरा म्हणाला.

"दहा," बाई म्हणाल्या. "मी खिडकीतून पाहिले."

नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने हळूच मान हलवली, दहा असतील, असं म्हणाला, आणि आणखी थोडा भात मागितला.